तिघांचे मिळून एक तिकीट

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या मनात काश्मीर, रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. ज्या प्रवासास सकाळी घरून निघून दिवेलागणीच्या आत परत येता येते, त्याचे वर्णन कोणी लिहावे आणि कोणी वाचावे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न गैर नाही. तथापि आम्ही येथे जो प्रवास सांगणार आहोत, तो अंतराने जेमतेम साठ किलोमीटरांचा असला तरी आमच्या घरास तो पार पाडावयास पन्नास वर्षे लागली. एवढ्या एका कारणासाठी तरी तो सांगण्यासारखा आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे बिऱ्हाड तीन पिढ्या नगरास, एकाच वाड्यात आहे. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. देवी अहिल्याबाईंचे जन्मग्राम चौंडी हे याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. आमच्या पिढीच्या जिभेवर मात्र नुसते ‘नगर’ बसलेले आहे. आणि हा शब्द जुन्या व नव्या अशा दोन्ही नावांच्या शेवटी असल्यामुळे आम्हांस सवय मोडण्याचे कारण पडले नाही.

वाड्यात आम्ही, आमचे धाकटे बंधू, मुले, सुना, नातवंडे असा बारा-तेरा माणसांचा मेळा आहे. या सर्वांत वडील म्हणजे आमच्या भगिनी, आक्का. त्यांस आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या, त्या वर्षी आम्ही मॅट्रिकला बसलो होतो. तेव्हापासून आजपर्यंत घरातील पहाटेचा पहिला दिवा त्यांनी लाविला आहे आणि रात्रीचे शेवटचे कवाड त्यांनी लोटले आहे. आमची शाळेतील नोकरी, मुलांच्या मुंजी, सुनांची बाळंतपणे, सारे काही त्यांच्या जिवावर पार पडले. स्वतःसाठी त्यांनी एकच गोष्ट राखून ठेविली होती. दर चातुर्मासात त्या ज्ञानेश्वरीचे पारायण करीत. आणि ज्या नेवाशास हा ग्रंथ सांगितला गेला, ते आमच्याच जिल्ह्यात, नगराहून दीड-दोन तासांच्या वाटेवर असूनही आक्कांनी पाहिले नव्हते.

याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलावा अशी सोय नाही. आम्ही शिक्षक असताना विद्यार्थ्यांच्या सहली नेवाशास चार वेळा नेल्या. दुसऱ्यांची मुले मोजून नेली व मोजून परत आणिली. प्रत्येक सहलीची शिदोरी आक्कांनी बांधून दिली होती. आम्ही परत आलो की त्या रिकामे डबे घासावयास घेत आणि विचारीत, “खांब केवढा आहे रे, बापू?” आम्ही हाताने उंची दाखवून मोकळे होत असू. तो प्रश्न उंचीचा नव्हता, हे समजावयास आम्हांस निवृत्त व्हावे लागले.

पुढे घरी मोटार आली. मोटार आल्यावर वडीलधाऱ्या मंडळींचे जाणे-येणे सुलभ होईल अशी सर्वांची कल्पना होती. परंतु अनुभव उलट आला. मोटार नव्हती तेव्हा मनात येईल त्या दिवशी पिशवी उचलून निघता येत असे. आता चालविणाराच्या सवडीची वाट पाहावी लागू लागली. आमचे चिरंजीव गुणी आहेत. “आत्या, पुढच्या रविवारी नक्की” असे ते मनापासून म्हणत. पण नोकरीच्या धबडग्यात तो पुढचा रविवार तीन वर्षे पुढेच राहिला. आणि गेल्या चातुर्मासात एके दुपारी आक्कांनी पोथी अर्ध्यावर मिटली. एका डोळ्याने अक्षर दिसेनासे झाले होते. त्यांनी नातीस हाक मारिली आणि म्हणाल्या, “पुढचे तू वाच ग, मी ऐकते.” त्या रात्री आम्ही सौभाग्यवतींस सांगितले, “मोटारीची वाट पाहणे पुरे झाले. आपण एस. टी.ने जाऊ.”

घरात हा बेत कळताच विरोध झाला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आत्याला या वयात एस. टी.त बसवणार? लोक काय म्हणतील?” सूनबाईंस आक्कांच्या गुडघ्यांची काळजी वाटली, बंधूंस गर्दीची. लोक काय म्हणतील, या प्रश्नास मात्र आमच्यापाशी उत्तर होते, कारण नगरच्या माणसाने एस. टी.स कमी लेखणे म्हणजे आपल्याच घरच्या लेकीस परकी म्हणण्यासारखे आहे.

ही गोष्ट नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसते, म्हणून येथे सांगतो. एस. टी.ची पहिली गाडी मुंबईहून किंवा पुण्याहून सुटलेली नाही; ती आमच्या नगराहून सुटली. १९४८ सालच्या जून महिन्याची १ तारीख. त्या दिवशी सकाळी मुंबई राज्याच्या नव्या परिवहन खात्याची पहिली गाडी नगराहून पुण्यास निघाली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. भाडे अडीच रुपये होते. तोपर्यंत या रस्त्यावर खाजगी मालकांच्या मोटारी चालत. माणसे भरली की निघावयाचे, हेच वेळापत्रक आणि मालक म्हणेल ते भाडे. माणसे भरोत वा न भरोत, ठरल्या वेळी ठरल्या भाड्यात गाडी निघेल, ही कल्पनाच मुळी नवी होती. तत्पूर्वी नगरास आगगाडी होती खरी. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पण आगगाडी रुळांच्या दोन्ही अंगांच्या गावांची. बाकीच्या गावांस बैलगाडी किंवा पाय. नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि तालुके चौदा. एवढ्या पसाऱ्यातील खेड्यापाड्यांस तालुक्याच्या कचेरीशी, दवाखान्याशी व कॉलेजशी जोडले ते या गाड्यांनी.

या महामंडळाने ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीद घेतले आहे. ते शब्द पाहून आम्हां संस्कृतवाल्यांस नेहमी कौतुक वाटते. हे वचन मूळ पाली भाषेतील, विनयपिटकातले. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ शिष्यांस निरोप देताना ते सांगितले. त्यांचा उपदेश असा होता की, बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी फिरत राहा आणि एकाच वाटेने दोघे जाऊ नका. म्हणजे हे शब्द मुळातच प्रवासाविषयी उच्चारलेले आहेत. ज्याने ते गाड्यांसाठी निवडले, त्याचा व्यासंग मोठा असला पाहिजे.

असो. विरोध शमविण्यासाठी आम्ही एक तोड काढली. आधी शहरातल्या शहरात एक रंगीत तालीम करावयाची. आक्कांस ती झेपली तर नेवासे. परगावच्या पाहुण्यांसही हाच क्रम सोयीचा पडतो, म्हणून तो थोडक्यात लिहितो.

शहरात शेअर रिक्षा ठरावीक रस्त्यांनी फिरतात. हात केला की थांबतात आणि माणशी भाडे घेतात. पहिल्या दिवशी आम्ही तिघे भुईकोट किल्ल्यास गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे जवळ ओळखपत्र असू द्यावे. घेर मैलभराहून थोडा अधिक, भोवती रुंद खंदक. १४९० साली अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला आणि तेथेच आपले शहर वसविले. पुढे हुसेन निजामशहाच्या काळात किल्ल्यास दगडी तट आला. या तटावरून चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यास तोंड दिले. १८०३ साली जनरल वेलस्लीने किल्ला घेतला. आणि १९४२ च्या ऑगस्टपासून येथेच पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृती पुढारी बंदिवासात होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा नेहरूंचा ग्रंथ १९४४ साली याच भिंतींच्या आत पाच महिन्यांत लिहिला गेला. आक्का तटाकडे पाहून म्हणाल्या, “कोंडून घातल्यावर लिहायला सवड मिळाली म्हणायची.” सौभाग्यवती हसल्या आणि म्हणाल्या, “वन्सं, आपल्याला कोंडून ठेवलं तरी आपण वातीच वळू.”

दुसऱ्या दिवशी भिंगार. औरंगजेब बादशहाने १७०७ साली ३ मार्च रोजी येथे देह ठेविला. दफन मात्र खुलताबादेस झाले. अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातलेला माणूस अखेर आमच्या भिंगारच्या छावणीत संपला, हा इतिहासाचा धडा मुलांस येथे उभे राहून शिकविल्यास वेगळ्याने शिकवावा लागत नाही. जवळच १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नातवंडे बरोबर असतील तर ते चुकवू नये. ज्यास चांदबिबीचा महाल म्हणतात, तो वस्तुतः सलाबतखान या निजामशाही वजिराचा मकबरा. तो शहराच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर शहा डोंगरावर आहे आणि पाथर्डीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीने त्याच्या पायथ्याशी उतरता येते. चढ असल्यामुळे आक्कांनी तो दुरूनच पाहिला.

दोन दिवसांच्या तालमीनंतर त्यांच्या गुडघ्यांची तक्रार आली नाही. उलट तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले, “आज कुठे?” तेव्हा घरातील विरोध आपोआप मावळला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी जिल्ह्याच्या दिशाही सांगून टाकतो. नगरात एस. टी.ची स्थानके एकाहून अधिक आहेत; माळीवाडा, तारकपूर आणि पुण्याच्या गाड्यांचे निराळे. म्हणून घरून निघण्यापूर्वी आपली गाडी कोठून सुटते हे विचारून घ्यावे. उत्तरेस राहुरी, कोल्हार, राहाता या वाटेने शिर्डी. वायव्येस संगमनेर, अकोले आणि त्यापुढे भंडारदरा. तेथील प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर, त्याच टापूत आहे. पूर्वेस पाथर्डी तालुक्यात मढीचे कानिफनाथ व मोहट्याची देवी. दक्षिणेस कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक, अष्टविनायकांपैकी एक. तेथील देऊळ अहिल्याबाईंनी बांधविले. ईशान्येस छत्रपती संभाजीनगरच्या हमरस्त्यावर घोडेगाव. तेथून शनि-शिंगणापुरास फाटा जातो. आणि त्याच रस्त्याने पुढे नेवासे. एका दिवसात मोटारीने शिर्डी व शिंगणापूर उरकून ‘नगर पाहिले’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी दोन देवळे पाहिली. जिल्हा पाहिला नाही.

मार्गशीर्षातील एक गुरुवार ठरला. पहाटे आक्कांनी दशम्या व कोरडी चटणी बांधली. या वेळची शिदोरी प्रथमच त्यांच्या स्वतःसाठी होती. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने माळीवाड्यास गेलो आणि तेथे कळले की आम्हांस हवी ती गाडी तारकपूरहून आहे. वर वाचकांस जो उपदेश केला, तो असा पदरमोड करून मिळविलेला आहे. रिक्षा करून तारकपूर गाठले. गाडी लागलेलीच होती. पायरी आक्कांस उंच पडली. तेव्हा मागून येणाऱ्या एका शेतकऱ्याने डोक्यावरचे बोचके खाली ठेविले आणि “चला आजी, धरा खांदा” म्हणत त्यांस वर घेतले. आत कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने खिडकीजवळची जागा दिली. मोटारीत ही दोन माणसे आम्हांस भेटती ना.

वाहक एक तरुण बाई होत्या. आम्ही तिघांची आधारकार्डे पुढे केली. सौभाग्यवतींस अर्धे तिकीट, कारण १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे आहे. आम्हांस अर्धे, कारण पासष्टी ओलांडलेल्यांस तीच सवलत. आणि आक्कांस काहीच नाही, कारण पंच्याहत्तर वर्षे पुरी झालेल्यांस ऑगस्ट २०२२ पासून भाडे माफ आहे. म्हणजे तीन माणसांचे मिळून एक तिकीट झाले. आक्कांस मात्र हे रुचले नाही. त्यांनी कनवटीची नोट काढून पुढे धरिली. “फुकटचं कशाला, बाई? आम्ही काही मागायला नाही निघालो.” वाहक बाईंनी यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून त्यांच्या हातावर ठेविले आणि म्हणाल्या, “फुकटचं नाही आजी, पंच्याहत्तर वर्षांचं आहे.” आक्कांनी ते तिकीट डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिले, आणि चार घड्या घालून कनवटीस लाविले.

शहर मागे पडले. उजव्या हातास शहा डोंगरावरची ती अष्टकोनी इमारत बराच वेळ सोबत करीत होती. जेऊर गेले, इमामपूरचा घाट लागला. घाट लहानसाच, पण त्याच्या उघड्या, खडकाळ उतारांवरून नगर जिल्ह्याची कोरडी बाजू कळते. पुढे पांढरीचा पूल आणि घोडेगाव. येथे कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेस उभ्या होत्या, आणि शिंगणापुरास जाणारी मंडळी उतरली. आणखी पुढे गेल्यावर शेतांचा रंग पालटला. दोन्ही बाजूंस ऊस आणि बांधावरून वाहणारे पाटाचे पाणी. ऊसतोडणीच्या बैलगाड्या घुंगरे वाजवीत चालल्या होत्या. गाडीवर संसार आणि संसारावर लेकरू. एकाच तासात दुष्काळी माळ आणि बागायत अशी जिल्ह्याची दोन्ही रूपे डोळ्यांखालून गेली. शाळेत नकाशावर काठी ठेवून आम्ही हा फरक वर्षानुवर्षे शिकविला. पण आक्कांनी तो एका वाक्यात सांगितला. “अलीकडच्या बायका पाणी आणायला जातात, पलीकडच्या पाणी द्यायला.”

आमची गाडी हमरस्त्याने पुढे जाणारी होती. म्हणून नेवासे फाट्यावर उतरून गावात जावयास काळी-पिवळी जीप धरावी लागली. तिच्यात आधीच नऊ माणसे होती. आम्ही तिघे गेल्यावरही ती सर्व मावली, हे कसे ते अजून उमगत नाही.

नेवासे प्रवरेच्या काठी आहे. गाव किती जुने, याचा शोध डेक्कन कॉलेजच्या डॉक्टर सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन करून लाविला. अश्मयुगीन माणसाच्या हत्यारांपासून पुढे अनेक थरांतून येथे मनुष्यवस्तीच्या खुणा सापडल्या. गावातील मोहिनीराजाचे देऊळ अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधविले. त्यावरील दगडी कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखे आहे. देवदानवांस अमृत वाटणाऱ्या मोहिनीचे हे स्थान, अशी कथा सांगतात. परंतु आमचे पाऊल ओढ घेत होते ते गावाबाहेरच्या खांबाकडे.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानदेवांनी येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्ञानदेवांचे वय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाएवढे. ज्या खांबास टेकून त्यांनी हे निरूपण केले अशी परंपरा आहे, तो खांब एका प्राचीन शिवालयाचा. ते करवीरेश्वराचे देऊळ काळाच्या ओघात गेले, खांब तेवढा उभा राहिला. त्यास पैसाचा खांब म्हणतात. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. दुर्गाबाई भागवतांच्या ज्या पुस्तकास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, त्याचे नाव याच खांबावरून ‘पैस’ असे आहे. भोवतीचे आजचे मंदिर विसाव्या शतकातील.

आक्का आत गेल्या. आम्हांस वाटले होते की त्यांच्या डोळ्यांस पाणी येईल, त्या काही म्हणतील. तसे काही झाले नाही. त्यांनी खांबास मस्तक टेकविले, दोन्ही तळहात त्यावर ठेविले आणि दिसत्या डोळ्याने खालून वरपर्यंत पाहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तू दाखवायचास त्याहून थोडा कमीच आहे.” पन्नास वर्षे आम्ही हाताने उंची दाखवीत होतो ती चुकीची होती.

खांबावर संस्कृतात लेख कोरलेला आहे. आक्कांनी विचारले, “काय लिहिलंय?” आम्ही जन्मभर संस्कृत शिकविले, पण झिजलेल्या अक्षरांपुढे आमची विद्या चाचपडू लागली. जेवढे पूर्वी वाचून ठाऊक होते तेवढे सांगितले, की देवापुढील दिव्याच्या तेलासाठी कोणी दान दिले होते, त्याची ही नोंद आहे. आक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तेल पुरवणाऱ्याचीही कुणीतरी आठवण ठेवली म्हणायची.”

हे त्या सहज बोलल्या. त्यात टोचणी नव्हती. परंतु आम्ही व सौभाग्यवती एकमेकांकडे पाहू शकलो नाही. आमच्या घरात पन्नास वर्षे तेल कोणी पुरविले, हे आम्हांस ठाऊक होते. त्याची नोंद कोठे केलेली नव्हती.

दुपारी तेथेच सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. एका वारकऱ्याने आपल्या पिशवीतून दोन पेरू काढून दिले आणि आक्कांनी त्यास चटणी दिली. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. पाठ असलेल्या ओव्या त्यांस वाचावयाच्या नव्हत्याच. अक्षर दिसत नाही याचे दुःख निदान तेवढा वेळ नव्हते. आम्ही घड्याळ पाहिले नाही. घरची मोटार असती तर बाहेर कोणीतरी किल्ल्या वाजवीत उभे असते.

परतीच्या वेळी एक फजिती झाली, तीही सांगून टाकावी. फाट्यावर येऊन आम्ही गाडीची वाट पाहत उभे राहिलो. पाऊण तास झाला तरी नगरची गाडी थांबेना. ज्या थांबत त्या सर्व संभाजीनगरच्या. आम्ही काही बोलणार, तोच शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, “बाबा, नगरला जायचंय ना? मग या अंगाला कशापायी उभं राहिलात? पल्याड जा.” भूगोलाच्या शिक्षकास दिशा दाखविण्याचे काम त्या माउलीने केले. रस्ता ओलांडून उभे राहतो तो दहा मिनिटांत गाडी आली.

दिवेलागणीस वाड्यात पोहोचलो. चिरंजीव दारातच उभे होते. दिवसभरात त्यांनी चार वेळा फोन केला होता आणि चारही वेळा आक्कांनीच तो घेऊन “आम्ही मजेत आहोत” म्हणून ठेविला होता. ते आत्याच्या पायांशी बसले आणि म्हणाले, “आत्या, चुकलो. मी न्यायला हवं होतं.” आक्का म्हणाल्या, “अरे, तू नेलं असतंस तर तू नेलंस असं झालं असतं. आज मी गेले.” या दोन क्रियापदांतील अंतर व्याकरणात आम्ही पुष्कळदा शिकविले आहे, घरात ते प्रथमच समजले.

मोटारीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आजारपणात, अपरात्री, अडल्या प्रसंगी तिच्यासारखे साधन नाही. सांगावयाचे एवढेच की, ज्या घरात एक मोटार व बारा माणसे असतात, तेथे म्हाताऱ्यांच्या व बायकांच्या इच्छा नेहमी रांगेच्या शेवटी उभ्या राहतात. आणि त्या बोलून दाखविल्या जात नाहीत म्हणून त्या नाहीतच, अशी आपण समजूत करून घेतो. रस्त्याने जाणारी सर्वांची गाडी या इच्छांस कोणाच्या सवडीची अट घालीत नाही. अर्ध्या भाड्याने पैसे वाचतात ही तिची लहान किंमत झाली. कोणाला न विचारता निघता येते, ही मोठी.

वाचकांनी एक करून पाहावे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांत वडील माणसास विचारावे की, जवळपासचे असे कोणते ठिकाण आहे, जे तुम्हांला पाहावयाचे होते आणि राहून गेले? उत्तर लांबचे येणार नाही. बहुधा ते दीड-दोन तासांच्या वाटेवरचेच असेल.

आमच्याकडे तर आता विचारावेही लागत नाही. ते शून्य रुपयांचे तिकीट आक्कांनी ज्ञानेश्वरीच्या पोथीत खूण म्हणून घातले आहे. नात रोज सायंकाळी तेथून पुढे वाचते आणि त्या ऐकतात. परवा वाचन संपल्यावर त्यांनी आम्हांस हाक मारिली आणि म्हणाल्या, “बापू, सिद्धटेकला कुठल्या स्टँडवरून जावं लागतं, ते या खेपेला आधी विचारून ठेव.”